दारातच बुडालेले जहाज

बुडालेल्या जहाजांच्या कथांत बहुधा एक वादळ असते. नाही तर पाण्याखाली दडलेला खडक असतो, शत्रूचा तोफगोळा असतो. माणसांनी शर्थ केली पण निसर्ग बलवत्तर ठरला, अशी समजूत मग घालून घेता येते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले त्यात माणसांच्या चुका काही थोड्या नव्हत्या, पण निदान बर्फाचा डोंगर तरी वाटेत आडवा आला होता. ज्या जहाजाची हकिकत आज सांगायची आहे त्याच्या वाटेत काहीच आडवे आले नाही. उन्हाळ्यातली रविवारची दुपार. वारा मंद. किनाऱ्यावर सगळे शहर लोटलेले. जहाज कोरे करकरीत, रंगाचा वाससुद्धा पुरता गेला नसेल. पहिलीच सफर, आणि ती झाली तेराशे मीटरांची, म्हणजे पाऊण मैलाहून किंचित अधिक. तेवढे अंतर तोडून ते प्रचंड लढाऊ जहाज आपल्याच बंदरात, आपल्याच लोकांच्या डोळ्यांदेखत आडवे झाले आणि तळाला गेले.

गाव स्वीडनची राजधानी स्टॉकहोम, तारीख १० ऑगस्ट १६२८. आपल्याकडे त्या वर्षी शहाजहान नुकताच तख्तावर बसला होता आणि शिवनेरीवर शिवजन्माचा चौघडा वाजायला अजून दीड वर्ष अवकाश होता. जहाजाचे नाव ‘व्हासा’. हे स्वीडनच्या राजघराण्याचे नाव. त्या घराण्याचे कुलचिन्ह म्हणजे धान्याची पेंढी. जहाजाच्या पिछाडीवर ती मोठ्या डौलाने कोरलेली होती.

राजा होता गुस्ताव्ह अडॉल्फ. युरोपच्या इतिहासात त्याला ‘उत्तरेचा सिंह’ म्हणतात. देश लहान आणि थंड, माणसे थोडी, पण राजाची उमेद मोठी. पोलंडच्या गादीवर त्याचाच चुलतभाऊ सिगिस्मंड बसला होता, आणि स्वीडनच्या मुकुटावरही तो आपला हक्क सांगत होता. भाऊबंदकी केवळ आपल्याच मुलखाची मिरास नव्हे! दोघांच्या मध्ये बाल्टिक समुद्र. तेव्हा ज्याचे आरमार मोठे त्याचा शब्द मोठा. अशात १६२५ च्या सप्टेंबरात रीगाच्या आखातात स्वीडनची दहा जहाजे एका वादळात सापडून किनाऱ्याला लागली. राजाला जहाजे हवी होती, मोठी हवी होती, आणि ताबडतोब हवी होती.

त्या वर्षाच्या आरंभीच राजाने हेन्रिक हिबर्टसन नावाच्या डच कारागिराशी करार केला होता. जहाजे बांधण्यात त्या काळी डचांचा हात धरणारे कोणी नव्हते. स्टॉकहोमच्या गोदीत तीन-चारशे माणसे राबू लागली. हजाराहून अधिक ओक वृक्ष तोडून आणले गेले. पण हेन्रिक आजारी पडला. काम त्याचा मदतनीस हाइन याकोबसन पाहू लागला, आणि १६२७ च्या वसंतात, जहाज पुरे होण्याच्या आधीच, हेन्रिक वारला. गोदीचा व्यवहार त्याच्या बायकोने, मार्गारेटा निल्सडॉटरने, आपल्या शिरावर घेतला. तीनशे-चारशे माणसांचे पगार, लाकूड, लोखंड, दोरखंड, राजाची तगाद्याची पत्रे, हे सारे एका विधवेने सांभाळले. इतिहासाच्या पुस्तकांत तिला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे मला वाटते.

जहाज तयार झाले ते पाहून लोकांचे डोळे दिपले. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत लांबी ६९ मीटर, तळापासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत उंची ५२ मीटर. एकावर एक अशा तोफांच्या दोन माड्या. एकूण ६४ तोफा, त्यांपैकी ४८ तोफा चोवीस पौंडी गोळा फेकणाऱ्या. आणि नक्षीकाम तर विचारू नका! नाळेवर झेप घेणारा सिंह, दोन्ही बाजूंना रोमन सम्राटांची रांग, पऱ्या, योद्धे, देवदूत. लहानमोठी मिळून सुमारे सातशे शिल्पे, आणि ती सारी भडक रंगांत रंगवलेली. शत्रूला खिजवण्यासाठी एका ठिकाणी पोलिश सरदार बाकाखाली अंग चोरून बसलेलाही कोरला होता. जहाज कसले, राजाने समुद्रावर धाडलेला तो एक दरबारच होता.

मात्र या दरबाराची बैठक पक्की नव्हती.

लहान मुलांची एक बाहुली असते. तिच्या बुडाशी शिसे भरलेले असते. ती कशीही लोळवा, टुणकन उठून उभी राहते. जहाजाचे गणित तेच. वजन खाली हवे, आणि पाण्यात बसणारा भाग पुरेसा रुंद हवा. ‘व्हासा’चे वरचे मजले जाड लाकडाचे, त्यांवर भारी तोफा, आणि पाण्याखालचा भाग त्या मानाने अरुंद आणि उथळ. डोक्यावर हंड्यांची उतरंड घेतलेल्या बाईने एका पायावर उभे राहावे तसा प्रकार. तोल राखण्यासाठी जहाजाच्या पोटात सुमारे १२० टन दगड भरले होते. ते पुरत नाहीत म्हणून आणखी भरावेत, तर जहाज खाली बसणार आणि तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याला टेकणार. त्या आधीच पाण्यापासून चार फुटांवरही नव्हत्या.

राजाने काम अर्धे झाल्यावर तोफांची दुसरी माडी चढवण्याचा हट्ट धरला आणि त्यामुळे जहाज बुडाले, अशी गोष्ट पुष्कळ दिवस सांगितली जाई. ऐकायला ती छान आहे, पण जहाजाचे सांगाडे मोजणारे आजचे संशोधक ती मानत नाहीत. दोन माड्या बहुधा पहिल्यापासूनच ठरलेल्या होत्या. खरी अडचण अशी की, असे जहाज किती रुंद हवे हे कागदावर मांडून पाहण्याची विद्याच तेव्हा नव्हती. बापाने मुलाला आणि उस्तादाने शागिर्दाला सांगितलेली मापे, एवढीच शिदोरी. जहाजाच्या तोलाचे शास्त्र पियेर बुगेर या फ्रेंच गणितज्ञाने ग्रंथरूपाने मांडले ते १७४६ साली, म्हणजे ‘व्हासा’ बुडून शंभरावर वर्षे लोटल्यानंतर.

मापांची आणखी एक गंमत पुढे उघडकीस आली. जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यांतल्या दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. आणि दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची! एकाच जहाजावर स्वीडिश सुतार एका फुटाने मोजत होता आणि डच सुतार दुसऱ्या. जहाजाच्या दोन बाजू मोजल्या तर त्या सारख्या भरत नाहीत. डावी बाजू उजवीपेक्षा जाड आहे. एवढ्यानेच जहाज बुडाले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या गोदीत काय गलबला चालला असेल याची कल्पना येते.

आता या कथेचा गाभा. जहाज बुडणार हे आधीच कळले होते.

निघण्याच्या थोडे दिवस अगोदर, राजवाड्याखालच्या धक्क्याला जहाज बांधलेले असता, त्याची परीक्षा झाली. उपनौसेनापती क्लास फ्लेमिंग स्वतः हजर होता. तीस खलाशी निवडले. वरच्या तक्तपोशीवर त्यांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम पळायला सांगितले. पहिल्या फेरीला जहाज कलले. दुसरीला अधिक कलले. तिसरीला असे झुकले की, फ्लेमिंगने हात वर करून पळापळ थांबवली. आणखी एक फेरी झाली असती तर जहाज धक्क्यालाच उलथले असते, असे जहाजावरचा प्रमुख खलाशी यॉरान मॅटसन याने पुढे शपथेवर सांगितले.

हा मॅटसन साधा दर्यावर्दी. जहाज वरून जड आणि खालून अरुंद आहे, हे त्याने फ्लेमिंगच्या कानावर घातले. उत्तर मिळाले ते असे की, जहाज बांधणाऱ्याने यापूर्वीही जहाजे बांधली आहेत, तू त्याची काळजी करू नकोस. देव करो आणि जहाज उभे राहो, असे म्हणून बिचारा गप्प बसला. फ्लेमिंगलाही सारे समजले नव्हते असे नाही. महाराज इथे असते तर बरे झाले असते, असा उद्गार त्याच्या तोंडून निघाल्याचे सांगतात. पण महाराज समुद्रापलीकडे प्रशियात लढाईत गुंतलेले. त्यांना पत्र लिहायचे तर काय लिहायचे? आपण मंजूर केलेल्या मापांचे, आपल्या नावाचे, आपल्या आवडीचे जहाज उभे राहात नाही, असे? राजा बोले दळ हाले, हे खरे. पण राजा बोलेनासा झाला की दळ नुसते एकमेकांच्या तोंडाकडे पाहात बसते. मला फ्लेमिंगचा राग येतो, आणि त्याच्या जागी बसलेली माणसे मी इतकी पाहिली आहेत की तो राग फार वेळ टिकत नाही.

रविवार उजाडला. सायंप्रार्थना आटोपून दुपारी चार-पाचच्या सुमारास दोर सोडले. बंदरातला पहिला टप्पा खलाशांची कुटुंबे बरोबर येऊ शकत होती, व्हॅक्सहोमच्या किल्ल्यापाशी त्यांनी उतरायचे. म्हणून जहाजावर दीडशेच्या आसपास माणसे होती, त्यांत बायका होत्या, मुले होती. तीनशे शिपाई पुढल्या मुक्कामी चढायचे होते. ते वाचले म्हणायचे. वारा इतका पडलेला की, आरंभी जहाज किनाऱ्यावरून ओढून न्यावे लागले. मग चार शिडे सोडली. सलामीच्या तोफा झाडल्या. किनाऱ्यावर लोकांनी जयघोष केला. परदेशांचे वकील पाहात उभे होते, आणि त्यांनीही पाहावे म्हणूनच तर हा सारा थाट होता.

उंच कड्यांच्या आडोशातून जहाज बाहेर आले आणि वाऱ्याची एक झुळूक लागली. ते डावीकडे कलले. हळूहळू, कण्हत कण्हत, पुन्हा सरळ झाले. बेकहोल्मेन बेटाजवळ दुसरी झुळूक आली. या खेपेला ते उठलेच नाही. कप्तान सॉफ्रिंग हान्सन याने शिडांचे दोर सोडण्याचा हुकूम दिला, पण उशीर झाला होता. सलामीसाठी उघडलेल्या तोफांच्या खिडक्या तशाच उघड्या होत्या. त्यांतून पाणी घुसले. एक अधिकारी, एरिक यॉनसन, तोफा नीट बांधलेल्या आहेत ना हे पाहायला खाली उतरला होता. तो कसाबसा वर आला तेव्हा जिना पाण्याने भरलेला होता. शिडे फुगलेली, निशाणे फडफडत असलेली, अशा स्थितीत ‘व्हासा’ ३२ मीटर खोल पाण्यात बसले. डोलकाठ्यांचे शेंडे मात्र पाण्याबाहेरच राहिले. किनारा हाकेच्या अंतरावर. होड्या धावल्या, बहुतेकांना काढले. तीसेक माणसे गेली.

दुसऱ्या झुळकीने कललेले जहाज वाचताना कोकणी माणसाला एक दिवस आठवल्यावाचून राहात नाही: १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढातली अमावस्या तोंडावर आलेली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळी समुद्रात लाटांत सापडली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, बोट कलली ती गेलीच. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतले मासे फेकून देऊन हाती लागतील तेवढी माणसे वर ओढली, हे त्या किनाऱ्यावर अजून सांगतात. स्टॉकहोमच्या धक्क्यावर तीस खलाशी हुकमाने पळाले होते. ‘रामदास’वर शेकडो माणसे जिवाच्या भीतीने पळाली. तोलाच्या गणिताला दोन्ही सारखेच.

असो. ‘व्हासा’चा कप्तान पाण्याबाहेर आला तो थेट कैदेत. दुसऱ्याच दिवसापासून जाबजबाब सुरू झाले. सरखेल कार्ल कार्लसन गिलेनयेल्म याने चौकशी चालवली. हा राजाचा सावत्रभाऊ. राजाचेही पत्र आले: हे हलगर्जीपणाचे आणि अविचाराचे फळ आहे, दोषी असतील त्यांना शासन करा. तोफा सुटल्या होत्या काय? कप्तान म्हणाला, एक जरी तोफ बांधलेली नसेल तर माझे हजार तुकडे करा. खलाशी दारू प्यायले होते काय? रविवार होता, प्रार्थनेहून आलो होतो, सगळे शुद्धीवर होते. मग हाइन याकोबसनला विचारले, जहाज इतके अरुंद का? तो म्हणाला, मापे मयत उस्तादाने दिली, ती महाराजांनी पसंत केली, मी तर उलट जहाज दीड फुटाच्या आसपास रुंद केले. मार्गारेटेचा भागीदार अरेंट डी ग्रोट याला शेवटचा प्रश्न विचारला, मग दोष कोणाचा? देव जाणे, असे त्याने उत्तर दिले.

पाहा, दोषाची वाट कशी फिरत गेली. खलाशी कारागिराकडे बोट दाखवतो, कारागीर मयताकडे, मयताच्या पलीकडे राजा, आणि राजाच्या पलीकडे देव. देवावर आणि राजावर खटला भरण्याची सोय नव्हती. कोणालाही शिक्षा झाली नाही. धक्क्यावरच्या परीक्षेचा विषय मॅटसनने काढला, तेव्हा ती परीक्षा घेणारा फ्लेमिंग चौकशी करणाऱ्यांत बसलेला होता. त्यावर कोणी फारसे खोदून विचारले नाही.

एक मात्र झाले. याच जोडीचे दुसरे जहाज, ‘अ‍ॅप्लेट’, गोदीत तयार होत होते. ते ‘व्हासा’हून सुमारे मीटरभर रुंद बांधले गेले. ते १६२९ साली पाण्यात उतरले आणि तीस वर्षे पाण्यावर राहिले.

तोफा मोलाच्या, काशाच्या. त्या काढण्याचे प्रयत्न चालूच राहिले. १६६४-६५ साली ट्रायलेबेन नावाच्या माणसाने पाणबुडे उतरवले. शिशाची मोठी घंटा, तिच्याखाली टांगलेल्या फळीवर चामड्याचे कपडे घातलेला माणूस उभा. घंटेत कोंडलेल्या हवेवर पाव तास जगायचे, काळ्याकुट्ट थंड पाण्यात आकड्याने चाचपडायचे, टनाहून जड तोफ खिडकीतून बाहेर ओढायची. अशा रीतीने पन्नासहून अधिक तोफा वर आल्या. कोणाच्या शौर्याची पोवाड्यात गणना करायची, तर माझी पसंती या अनामिक पाणबुड्यांना. नंतर मात्र जहाज विसरले गेले.

तीनशे वर्षांनी आन्डर्स फ्रान्झेन नावाच्या एका इंजिनियराने त्याचा ध्यास घेतला. आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांना ठाऊकच आहे की, खाऱ्या समुद्रात बुडालेल्या लाकडाला किडा लागतो आणि काही वर्षांत त्याची चाळण होते. बाल्टिकचे पाणी अगदी कमी खारट. तिथे हा किडा जगत नाही. तेव्हा जहाज असले तर अख्खे असणार, हे फ्रान्झेनने ताडले. जुन्या दप्तरांतली पत्रे चाळायची, आणि सुटीच्या दिवशी होडीतून दोरीला बांधलेले एक पोकळ टोकदार वजन तळावर सोडायचे. किती वर्षे चिखलच वर येई. २५ ऑगस्ट १९५६ रोजी बेकहोल्मेनजवळ त्या पोकळीत काळ्या ओकची ढलपी निघाली. काही दिवसांनी पेर एडविन फेल्टिंग हा पाणबुड्या खाली उतरला. चिखलात काहीच दिसेना. हाताने चाचपता चाचपता त्याला एक चौकोनी खिडकी लागली, मग दुसरी, आणि वर आणखी एक रांग. तोफांच्या दोन माड्या!

आरमारी पाणबुड्यांनी जहाजाच्या तळाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओवले, आणि पायरीपायरीने ते उथळ पाण्यात आणले. २४ एप्रिल १९६१ रोजी ३३३ वर्षांनी ‘व्हासा’ वर आले. काही दिवसांनी पाणी उपसून टाकल्यावर ते आपल्या तळावर तरंगलेही. लाकूड वाळून फुटू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे मेणासारखे एक रसायन फवारत राहिले. १९९० पासून ते स्टॉकहोमला खास बांधलेल्या संग्रहालयात उभे आहे. जपणे मात्र संपत नाही. १९६१ नंतर घातलेले लोखंडी खिळे गंजले म्हणून हजारो खिळे बदलावे लागले, आणि आता जहाज पेलणारे आधारच नव्याने घालण्याचे काम चालले आहे.

आत काय सापडले? राजाच्या थाटापेक्षा मला तेच जास्त धरून ठेवते. एका खलाशाची पेटी निघाली. तिच्यात वर नीट ठेवलेली टोपी, खाली जोडे, सुईदोऱ्याचा संच. एका डब्यात लोणी. चार हजारांहून अधिक नाणी, बहुतेक तांब्याची, म्हणजे गरिबांची. आणि हाडे, पंधराहून अधिक माणसांची. नावे कोणाचीच कळली नाहीत, म्हणून संशोधकांनी सांगाड्यांना एकेक अक्षर दिले आणि अक्षरावरून नावे ठेवली. ‘ग’ अक्षराच्या सांगाड्याला राजाचेच नाव मिळाले, गुस्ताव्ह. वर्षानुवर्षे लोक त्या गुस्ताव्हपाशी थांबत, आणि हा एक खलाशी असे समजत.

२०२३ साली हाडांतल्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी पुरी झाली तेव्हा कळले की, ती बाई आहे. पंचविशी-तिशीतली. नवऱ्याबरोबर व्हॅक्सहोमपर्यंत जाऊन संध्याकाळी घरी परतणार असेल. संग्रहालयाने तिचे नाव बदलून गर्ट्रूड ठेवले.